सेल्फ घूं करतो, इंजिन हलत नाही: जुन्या डिझेल ट्रॅक्टरच्या सेल्फचा दात रिंग का पकडत नाही

कुणाच्या ट्रॅक्टरचा सेल्फ (इंजिन चालू करणारी मोटर) बिघडलाय हे आमच्याकडं विचारावं लागत नाही. रात्री ट्रॅक्टर कुठं लावलाय ते बघायचं. उतारावर, तोंड खाली करून, चाकाला दगड लावलेला दिसला की समजायचं. आमचा जुना तीन सिलिंडरचा ट्रॅक्टरही सलग दोन हंगाम कालव्याच्या भरावावर असाच मुक्कामाला होता. त्या काळात सेल्फ मी इतक्या वेळा उतरवला की वरचा अडचणीतला बोल्ट आता अंधारातही हाताला सापडतो. धंद्यानं मी मिस्त्री नाही. शेती करतो, दिवाळीनंतर ऊस वाहतो. पण पुढं पाहुण्यांचे, शेजाऱ्यांचे ट्रॅक्टरही याच दुखण्यासाठी माझ्याकडं यायला लागले.

एवढ्या वेळा हात काळे करून एक गोष्ट पक्की कळली. "सेल्फ गेला" म्हणून जे सेल्फ खोलले जातात, त्यातले बरेचसे खोलायची गरज नसते. आणि जे खरंच बिघडलेले असतात, ते लोक "लागतोय ना अजून" म्हणत खरखर करत वापरत राहतात. मग बुशाचं (शाफ्ट ज्यात फिरतो त्या नळीचं) दुखणं फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनमागच्या जड चाकाच्या, दातेरी रिंगपर्यंत जातं. बुश चहा-नाश्त्याच्या पैशात येतो. रिंगसाठी ट्रॅक्टर मधोमध फोडावा लागतो, म्हणजे खोलून त्याचे दोन भाग करावे लागतात.

आधी आवाज ऐका

किल्ली फिरवल्यावर काय ऐकू येतं, त्यावरून निम्मं काम होतं.

किल्ली फिरवली की एकदाच "टक्", पुढं शांतता.

"टकटकटकटक", एखाद्यानं पत्र्यावर वाटाणे ओतल्यासारखं.

"घूंऽऽ" करून मोटर मोकळी पळते, इंजिन जागचं हलत नाही.

"खर्रर्र" असा दातावर दात घासल्याचा आवाज. अंगावर काटा येतो तोच.

चार वेळा बरोबर लागतो, पाचव्या वेळी नुसता खरखरतो. टॉप गिअरला टाकून ट्रॅक्टर वीतभर ढकलला की पुन्हा लागतो.

आणि शेवटचा, सगळ्यात वाईट: इंजिन चालू झालं तरी सेल्फ सुटत नाही, बरोबरीनं चिरकत राहतो. हा आला तर पुढचं वाचत बसू नका. डिझेल बंद करायचा दांडा ओढा, इंजिन थांबवा आणि बॅटरीची वायर काढा. नुसती किल्ली बंद करून उपयोग नसतो, कारण आतली तांब्याची चकती चिकटलेली असते आणि किल्लीचा तिच्यावर ताबा उरलेला नसतो. आधी इंजिन, मग बॅटरी, हा क्रम मोडू नका. इंजिनच्या वेगानं दात ओढला गेला तर आर्मेचरची (मोटरच्या आतल्या फिरत्या भागाची) गुंडाळी उकलून बाहेर येते, मग त्या सेल्फमध्ये वाचवण्यासारखं काही राहत नाही.

आत काय घडतं

हे दोन मिनिटांत समजून घ्या, नाहीतर पुढच्या तपासण्या नुसत्या पाठ कराव्या लागतील.

किल्ली फिरवली की बारीक वायरनं सोलेनॉइडला, म्हणजे सेल्फवरच्या चुंबकी स्विचला, करंट जातो. सोलेनॉइडच्या आत दोन वेटोळी असतात, एक जोरात ओढणारं आणि एक धरून ठेवणारं. दोन्ही मिळून लोखंडी दांडा आत ओढतात. दांडा काट्याला ओढतो, म्हणजे फोर्कला, आणि फोर्क छोट्या दाताला, म्हणजे सेल्फच्या टोकाच्या लहान दातेरी चाकाला, ढकलून फ्लायव्हीलच्या रिंगमध्ये घुसवतो. दात पुरता आत गेल्यावरच दांड्याच्या दुसऱ्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांना टेकते आणि मोटर फिरते. म्हणजे आधी दात, मग मोटर. हा क्रम बिघडला की खरखर.

दातामागं एक एकतर्फी क्लच असतो. मोटरनं दात फिरवावा, पण इंजिन चालू झाल्यावर इंजिननं मोटर फिरवू नये, एवढंच त्याचं काम. छोट्या दाताच्या मानानं रिंगला दहा-पंधरा पट दात असतात, म्हणजे इंजिनचा वेग मोटरला लागला तर तो तितक्या पटींनी लागेल. तो क्लच नसता तर रोज सकाळी एक नवा सेल्फ घ्यावा लागला असता.

या दात आणि क्लचच्या जोडीला आपल्याकडं सरसकट "बेंडिक्स" म्हणतात. खरं तर अमेरिकेतल्या व्हिन्सेंट बेंडिक्सची मूळ रचना वेगळी. तिच्यात सोलेनॉइड दाताला ढकलत नाही, मोटर झटक्यात फिरली की दात आट्यावरून आपोआप पुढं फेकला जातो. फार जुन्या ट्रॅक्टरवर असे सेल्फ अजून सापडतात. तुमचा तसला असेल तर त्याच्या आट्याला ग्रीस लावू नका. रॉकेलनं धुवा आणि कोरडा ठेवा. ग्रीसला धूळ चिकटते, दात आट्यावर अडकतो आणि मोटर नुसती घूं करत पळते.

हात लावायच्या आधी

ट्रॅक्टर सपाटीला घ्या. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकाला पुढून आणि मागून दगड. हातातलं कडं, अंगठी, घड्याळ काढून ठेवा. बॅटरीजवळ बिडी-सिगारेट नको, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो.

आणि एक गोष्ट ओरडून सांगतो. चाकाशेजारी जमिनीवर उभं राहून सोलेनॉइडच्या दोन बोल्टांना स्क्रू ड्रायव्हर टेकवून ट्रॅक्टर चालू करू नका. हे सगळेच करतात, मीही करायचो. असं केल्यावर किल्ली, क्लच, सेफ्टी स्विच सगळं बाजूला पडतं. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिलेला असेल तर तो चालू होऊन थेट निघतो, आणि तुम्ही मागच्या मोठ्या चाकाच्या पुढं उभे असता. माणसं अशीच गेलेली आहेत. ट्रॅक्टर चालू करायचा तो सीटवर बसून.

पैसे न लागणाऱ्या तपासण्या

हेडलाइट लावा आणि किल्ली फिरवा. दिवे विझून लाल काडीसारखे झाले तर बॅटरीत जीव नाही किंवा जोडणी सैल आहे. दिवे ठणठणीत राहिले आणि नुसतं "टक्" झालं, तर दांडा हलतोय पण जाड करंट मोटरपर्यंत पोचत नाही. म्हणजे सोलेनॉइडची चकती जळलीय किंवा कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला घासून करंट देणारे तुकडे) संपलेत. दिवे ठणठणीत आणि "टक्"सुद्धा नाही, तर बारीक वायरीत, किल्लीत किंवा सेफ्टी स्विचमध्ये बघा. दिवे एकदम बसले आणि "टक्" करून सगळं गच्च झालं, तर दात रिंगमध्ये फसलाय, नाहीतर इंजिनच जाम आहे.

फसला असेल तर सोडवणं सोपं. किल्ली काढा, टॉप गिअर टाका, दगड काढा आणि दोघांनी ट्रॅक्टर पुढं-मागं झुलवा. "खट्" आवाज येतो आणि दात सुटतो. झुलवताना हँडब्रेक सुटलेला असतो, म्हणून एक माणूस सीटवर ब्रेकवर पाय ठेवून बसलेला हवा.

मग बॅटरी. रात्रभर उभ्या असलेल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर मीटर लावा. १२.६ म्हणजे भरलेली, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी. १२ च्या खाली असेल तर आधी चार्ज करा, मग सेल्फबद्दल बोलू. पण नुसत्या उभ्या व्होल्टेजवर भरवसा ठेवू नका. सेल्फ मारत असताना ते किती पडतं ते खरं. ९.६ च्या खाली गेलं की बॅटरीवर संशय घ्या. झाकणं उघडणारी बॅटरी असेल तर हायड्रोमीटर लावा. भरलेल्या सेलला १.२६ ते १.२८ दाखवतो. पाच सेल सारखे आणि एकच फार खाली असेल, तर तो सेल मेला. ती बॅटरी कितीही चार्ज केली तरी पहाटेच्या थंडीत उभी राहणार नाही.

दात पकडण्याचा आणि बॅटरीचा संबंध काय, असं लोक विचारतात. संबंध आहे. वाटाण्याचा आवाज तिथूनच येतो. दांडा आत जातो, चकती टेकते, मोटर शेकडो अँपिअर ओढते, व्होल्टेज बसतं, धरून ठेवणाऱ्या वेटोळ्याची ताकद जाते, स्प्रिंग दांडा मागं ढकलते. भार सुटला की व्होल्टेज वर येतं आणि दांडा पुन्हा आत. सेकंदाला कितीतरी वेळा. प्रत्येक वेळी दात अर्ध्यावरून निसटतो आणि निसटता निसटता रिंगची कड खरवडतो. मरू घातलेल्या बॅटरीवर पाच मिनिटं किल्ली फिरवत बसणं म्हणजे रिंगवर कानस चालवणं.

टर्मिनल आणि अर्थिंग

माझ्याकडं आलेल्या ट्रॅक्टरांत सगळ्यात जास्त वेळा गुन्हेगार इथंच सापडला.

टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी दिसली तर निगेटिव्ह आधी काढा. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून धुवा, झाकणं घट्ट लावून, म्हणजे सोडा आत जाणार नाही. मग पॉलिश पेपर मारा, घट्ट बसवा आणि वरून व्हॅसलीन लावा. आधी व्हॅसलीन लावून मग बसवू नका.

आता अर्थिंग. बॅटरीची निगेटिव्ह पट्टी चॅसीला जिथं बोल्टनं बांधलीय, तो बोल्ट खोलून खाली बघा. एका पाहुण्यांचा ट्रॅक्टर आला होता. त्यांनी सेल्फ दोनदा भरून (आतली तार नव्यानं गुंडाळून) आणला होता, वर नवी बॅटरी घेतली होती, तरी सकाळी टकटक. मी अर्थिंगचा बोल्ट काढला तर पट्टीच्या डोळ्याखाली रंगाचा जाड, गुळगुळीत थर. मागच्या दसऱ्याला ट्रॅक्टर रंगवला होता आणि पेंटरनं पट्टी सोडून, रंगावरच परत आवळली होती. मधला एक आटा तेवढा लोखंडाला टेकत होता, त्यावर सगळा सेल्फ चालला होता. पत्र्याचा तुकडा घेऊन रंग खरवडला, चकाकी येईपर्यंत. पंधरा मिनिटांचं काम. पाहुण्यांना आनंद व्हायला हवा होता, पण ते बराच वेळ गप्प बसले. भरून आणलेल्या सेल्फचे पैसे आठवत असावेत.

मीटर असेल तर अंदाजावर जायची गरज नाही. एकाला सेल्फ मारायला बसवा, डिझेलचा दांडा ओढून, म्हणजे इंजिन चालू होणार नाही. मीटरची एक पिन बॅटरीच्या पॉझिटिव्ह खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या जाड बोल्टवर लावा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं तर वायर किंवा जोड खराब. मग एक पिन निगेटिव्ह खुंटीवर आणि दुसरी सेल्फच्या अंगावर, रंग खरवडून. इथं पाव व्होल्टच्या आसपास चालतं, त्यापेक्षा जास्त नको. मीटर नसेल तर सेल्फ पाच-सहा सेकंद मारा आणि लगेच एकेका जोडाला बोट लावून बघा. जो जोड गरम लागेल तो खराब. सावकाश लावा, चटका बसतो.

शक्य असेल तर बॅटरीच्या निगेटिव्हपासून थेट सेल्फच्या बोल्टपर्यंत एक जादा जाड पट्टी ओढा. जुन्या ट्रॅक्टरवर मी हे आता न विचारताच करतो.

बारीक वायर

किल्ली स्टार्टला धरून सोलेनॉइडच्या बारीक टर्मिनलवर व्होल्टेज मोजा. बॅटरीच्या जवळपास हवं. दीड-दोन व्होल्ट कमी आलं तर दांडा ओढला जातो, पण मरगळल्यासारखा. कारण बहुतेक वेळा किल्लीचा घासलेला स्विच. दुसरं कारण सेफ्टी स्विच, जो क्लच दाबल्याशिवाय किंवा न्यूट्रलशिवाय सेल्फ लागू देत नाही. जुन्या ट्रॅक्टरवर तो कुणीतरी कधीतरी वायर जोडून थेट केलेला असतो. तसा सापडला तर परत बसवा. वर स्क्रू ड्रायव्हरचं सांगितलं, त्याचंच हे धाकटं भावंड आहे.

खडूची खूण

ही तपासणी मला कुणी शिकवली नाही, वैतागातून सुचली. कधी लागतो, कधी खरखरतो अशा ट्रॅक्टरसाठी हिच्याइतकी चांगली दुसरी नाही.

क्रँकच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीवर खडूनं एक उभी रेघ मारा. फॅनच्या पुलीवर नको, तिचा आणि क्रँकचा वेग सारखा नसतो. पुलीसमोर इंजिनवर एक पक्की खूण धरा. आता ज्या ज्या वेळी सेल्फ खरखरेल, त्या वेळी दुसऱ्यांदा किल्ली फिरवायच्या आधी उतरा आणि त्या खुणेसमोर पुलीवर दुसऱ्या रंगाच्या खडूनं ठिपका द्या. आठवडाभर हे करा.

ठिपके पुलीभर विखुरले तर दोष सेल्फमध्ये आहे. ठिपक्यांचे ठरावीक ठिकाणी पुंजके झाले तर रिंग खाल्ली गेलीय. याचं कारण असं की इंजिन बंद होताना कुठल्यातरी सिलिंडरच्या कॉम्प्रेशनला अडून थांबतं. चार सिलिंडरचं इंजिन त्यामुळं बहुतेक वेळा फिरून फिरून दोनच ठिकाणी थांबतं, समोरासमोर. तीन सिलिंडरचं तीन ठिकाणी. म्हणजे वर्षानुवर्षं रिंगच्या त्याच दातांवर सेल्फचा पहिला घाव बसतो. बाकीची रिंग नव्यासारखी आणि तेवढे पाच-सहा दात उंदरानं कुरतडल्यासारखे. ट्रॅक्टर वीतभर ढकलला की लागतो तो यामुळंच, चांगले दात समोर येतात.

आमच्या ट्रॅक्टरला तीन पुंजके आले होते. ते बघितल्यावर पुढं काय वाढून ठेवलंय ते कळलं. तरी मी अजून एक हंगाम काढला, ते वेगळं.

पाने हातात घेतल्यावर

सेल्फ धरणारे बोल्ट आवळून बघा. एक जरी ढिला असला तर मोटर फिरताना सेल्फ तिरका होतो आणि दात रिंगला वाकडा भिडतो. बोल्ट ढिला असताना बरेच दिवस चालवला असेल तर सेल्फच्या नाकाडाला, म्हणजे पुढच्या बिडाच्या तोंडाला, चीर गेलीय का ते टॉर्च मारून बघा.

क्लच हाउसिंगच्या तळाला एक भोक असतं, बऱ्याच ट्रॅक्टरवर त्यात कॉटर पिन लोंबत असते. ती हलवून बघा. तेल ठिबकलं तर क्रँकचं मागचं सील गळतंय. ते तेल क्लच प्लेटच्या भुकटीत मिसळून डांबरासारखा चिकटा होतो आणि दातावर बसतो. थंडीत तो घट्ट होतो, म्हणून सकाळी दात जात नाही आणि दुपारी जातो. भातपट्ट्यात केज व्हील (लोखंडी जाळीची चाकं) लावून चिखलणी करणाऱ्यांना तेलाऐवजी गाळ सापडेल. कॉटर पिन "उगीच लोंबतेय" म्हणून काढू नका, ती भोक मोकळं ठेवायलाच असते.

आता सेल्फ उतरवू. बॅटरीची निगेटिव्ह काढा. वायरींचा मोबाइलवर फोटो घ्या. खालचा बोल्ट आधी, वरचा शेवटी, आणि शेवटचा सुटायच्या आत खाली हात द्या. दहा-बारा किलोचा धोंडा असतो, पायावर पडला तर हंगाम गेला. सेल्फ आणि हाउसिंगच्या मध्ये पातळ पट्टी असेल तर ती हरवू नका. दात आणि रिंगमधलं अंतर तिच्यावर ठरतं.

मोकळ्या भोकातून रिंग बघा. क्रँकच्या बोल्टाला पाना लावून इंजिन हळूहळू फिरवत पूर्ण चक्कर तपासा. दात ज्या बाजूनं आत येतो, ती कड बघायची. दाताचं नुसतं टोक गोल झालं असेल तर अजून दिवस आहेत. निम्मी रुंदी गेली असेल तर नाहीत. इंजिन पान्यानंही फिरत नसेल तर जोर करू नका. सिलिंडरमध्ये पाणी किंवा डिझेल साठलेलं असू शकतं. तिथं सेल्फचा विषय संपतो, मिस्त्रीला बोलवा.

सेल्फ टेबलावर आल्यावर दात हातानं फिरवा. एका बाजूला मोकळा फिरला पाहिजे, दुसऱ्या बाजूला अडून आर्मेचरला घेऊन फिरला पाहिजे. दोन्हीकडं मोकळा फिरला तर एकतर्फी क्लच गेला. हीच ती घूं.

इथं मी एकदा चांगलाच फसलो. हातानं फिरवला तर क्लच बरोबर अडायचा. व्हाइसमध्ये धरून बॅटरी लावली की दात झटकन पुढं यायचा, झकास फिरायचा. ट्रॅक्टरला बसवला की घूं. तीनदा चढवला, तीनदा उतरवला. आतले रोलर इतके गुळगुळीत झाले होते की हाताच्या जोराला धरायचे आणि इंजिनच्या कॉम्प्रेशनला सुटायचे. तेव्हापासून टेबलावर सेल्फ फिरला म्हणून मी त्याला पास करत नाही.

हा क्लच डिझेलात किंवा पेट्रोलमध्ये बुडवून धुऊ नका. आत कारखान्यात भरलेलं ग्रीस असतं, ते धुऊन निघतं आणि चांगला क्लच महिन्याभरात जातो. फडक्यानं पुसा. शाफ्टच्या आट्यांवर पातळ ग्रीसचा नुसता हात फिरवा, ते बोटाला जेमतेम जाणवावं एवढंच.

नवा बेंडिक्स घेताना जुना बरोबर न्या. दात मोजा, फिरण्याची दिशा बघा, आतले आटे जुळवा. शेजारी ठेवल्यावर सारखे दिसणाऱ्या दोन बेंडिक्समध्ये एका दाताचा फरक असू शकतो. एका दाताच्या फरकानं आठवडाभरात रिंग खराब होते. सेल्फच्या अंगावरच्या पट्टीवर नंबर असतो, तो दुकानदाराला दाखवा.

मग बुश. दाताकडचा शाफ्ट बोटात धरून वर-खाली हलवा. खडखड लागली तर बुश झिजला. झिजलेल्या बुशात शाफ्ट कलतो आणि दात रिंगला वाकडा जातो. नीट बघायचं असेल तर आर्मेचर बाहेर काढा. त्याच्या अंगावर एका पट्ट्यात लोखंड चकाकत असेल, तर ते आतल्या लोखंडी पोलांना घासतंय. नवा बुश सच्छिद्र ब्राँझचा असतो, तो बसवण्याआधी रात्रभर इंजिन ऑइलमध्ये बुडवून ठेवा. कोरडा ठोकला तर चिरकायला लागतो.

फोर्कची पिन आणि टोकं झिजली असतील तर दात पुरता पुढं जायच्या आत चकती टेकते, मोटर आधी फिरते. वर सांगितलेला क्रम बिघडतो तो असा. कार्बन निम्म्यापेक्षा कमी उरले असतील तर बदला, स्प्रिंगसकट. सोलेनॉइड उघडता येणारं असेल तर चकती काढून बघा. जळून खड्डे पडले असतील तर ती उलटी करून बसवली की आणखी काही वर्षं निघतात. सील केलेलं असेल तर खोलत बसू नका, नवं घ्या.

इथं थांबा

आर्मेचरला जळक्या व्हार्निशचा वास येत असेल तर ते भरणाऱ्याकडं द्या. नाकाडाला चीर असेल तर वेल्डिंगच्या नादी लागू नका. वेल्डिंगनं ते बिड वाकतं आणि दाताची सरळ रेषा जाते.

रिंग खाल्ली असेल तर थांबाच. ट्रॅक्टर फोडायला सपाट फरशी, मजबूत घोडे (लोखंडी स्टँड) आणि सवयीची माणसं लागतात. घरच्या जॅकवर आणि विटांवर अर्धा ट्रॅक्टर उभा करणं हा आत्मघात आहे. रिंग गरम करून फ्लायव्हीलवर चढवतात, साधारण २०० ते २५० अंशांपर्यंत. गार होताना ती आवळून बसते. लोखंडावर निळा रंग चढेपर्यंत गॅसनं तापवली तर दातांचा टेंपर (कडकपणा) जातो, मग नवी रिंग जुनीपेक्षा लवकर झिजते. तापवताना समोर उभे राहा. दाताची उतरती कड सेल्फचा दात जिकडून येतो तिकडं आली का, तेही चढवण्याआधी एकदा विचारा.

नवी रिंग मिळत नसेल तर जुनीच काढून थोडी फिरवून बसवता येते. तीन सिलिंडरला ६० अंश, चार सिलिंडरला ९०. खाल्लेले दात मग इंजिन थांबतं त्या जागांच्या मधोमध जातात. जुगाड आहे, पण शहाणा जुगाड आहे. आमचा ट्रॅक्टर त्याच्यावरच चाललाय. आणि एकदा फोडलाच आहे तर क्रँकचं मागचं सील, रिलीज बेअरिंग आणि क्लच प्लेट तेव्हाच बघून घ्या. मजुरी सगळी फोडण्या-जोडण्याची असते.

दुरुस्तीनंतर सेल्फ एका दमात दहा-पंधरा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट जाऊ द्या. इंजिन लागलं नाही तर फ्लायव्हील पूर्ण थांबेपर्यंत किल्लीला हात लावू नका. फिरत्या रिंगवर दात मारला की पुन्हा पहिल्यापासून.

मिस्त्रीला बोलवायची वेळ आलीच, तर फोनवर "सेल्फ गेलाय" एवढंच सांगू नका. बॅटरी किती व्होल्ट दाखवते, सेल्फ मारताना किती पडते, दिवे बसतात का, गारठ्यात होतं की नेहमी, पुलीवर पुंजके किती, हे सांगा. त्याला येताना काय आणायचं ते कळतं, एक फेरी वाचते. आणि आवाज मोबाइलवर भरून पाठवा. मी हल्ली निम्मं निदान व्हॉट्सॲपवर आलेल्या आवाजावरच करतो. फक्त भरताना मोबाइल सेल्फजवळ धरा आणि शेजारची पिठाची गिरणी बंद आहे का ते बघा. मागच्या महिन्यात एकाचा सेल्फ मी गिरणीच्या पट्ट्याच्या आवाजावरून नापास केला होता.